निसर्गोपचारकांची नोंदवही

ज्या सातारा जिल्ह्यातील औंधातून बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला आणि ज्या सांगली जिल्ह्यातील मिरजेने वैद्यकीय नगरी म्हणून लौकिक मिळविला, तेथील जनतेस निसर्गोपचाराविषयी आस्था वाटावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवणारा हात साडेपाच वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम पुरा केलेल्याचा आहे, की चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगणाऱ्याचा, हे रुग्णाने कोणत्या दफ्तरात पडताळावे? भारतीय चिकित्सापद्धतींविषयीच्या २०२० च्या केंद्रीय कायद्याने आयुर्वेद, युनानी, सिद्ध व सोवा-रिग्पा यांचे नियमन केले. निसर्गोपचार मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिला. मिरजेच्या शेजारीच सुरू होणाऱ्या कर्नाटकाच्या नोंदणी कायद्यात त्यास स्थान आहे. गांधीजींनी १९४६ साली उरुळीकांचन येथे ज्या उपचाराचा पाया घातला, त्याची प्रतिष्ठा राखावयाची, तर महाराष्ट्र सरकारनेही निसर्गोपचारकांची स्वतंत्र नोंदवही ठेवून त्यांची अर्हता, अधिकारमर्यादा व कसुरीबद्दलची कारवाई कायद्याने निश्चित करावी. कारण इन्सुलिन सोडून केवळ उपवासावर विसंबलेल्या मधुमेह्याचा प्राण गेल्यावर चौकशीचा हुकूम काढणे, हे वरातीमागून घोडे होय.