जाड अक्षरांची हाक

ठळक अक्षर म्हणजे चढा आवाज, असे माझे मत आहे. हाक मारायला तो हवाच; पण सगळे बोलणेच ओरडून केले तर ऐकणारा कानांवर हात ठेवतो.

हे मत मला एका चुकीने शिकवले, आणि चूक माझीच होती. गेल्या वर्षी फी-सवलतीच्या अर्जांची इंग्रजी सूचना तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. संगणकावर ‘पोस्टर बोडोनी’ हा टंक सापडला. उभ्या रेघा खांबासारख्या जाड, आडव्या केसासारख्या बारीक, टोकांना नाजूक सेरिफ. मी भारावून गेलो. मथळा, मजकूर, तारीख, सारे त्यातच बसवले. झेरॉक्स काढली तेव्हा बारीक रेघा उडाल्या आणि जाड अक्षरांतल्या पोकळ्या बुजल्या. इंग्रजी तीनच्या टोकांचे गोळे मधल्या दांडीला भिडले आणि तीनाचा आठ झाला. शेवटची तारीख १३ होती. रोज एसटीने येणारी आमच्या वर्गातील एक मुलगी १८ ला अर्ज घेऊन आली. अर्ज अखेर घेतला गेला, पण त्यासाठी तिला चार दिवस खेटे घालावे लागले. ती मला काही बोलली नाही, हेच अधिक लागले.

मग मी या टंकाचे कूळ शोधले. जांबातिस्ता बोडोनी हा इटालियन मुद्रक १७६८ पासून पार्माच्या ड्यूकचा छापखाना सांभाळीत होता. उत्तम कागद, काळीभोर शाई आणि रुंद समास यांत त्याची अक्षरे शोभत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये अशा वळणाच्या अक्षरांच्या जाड रेघा आणखी फुगवून लॉटरीच्या जाहिराती छापू लागले. ‘पोस्टर बोडोनी’ हा १९२९ चा, अमेरिकेतील लायनोटाइप कंपनीचा. त्याचे काम त्याच्या नावातच सांगितले आहे; मीच ते लक्षात घेतले नाही.

विल्यम मॉरिसला तर बोडोनीचे अक्षर मुळातच वाचायला अवघड वाटे. मला हे पटत नाही. भल्या मोठ्या आकारात एकच शब्द लावून पाहा. व्हरांड्याच्या टोकापासून तो नजरेत भरतो. दोष अक्षराचा नाही, ते कुठेही वापरणाऱ्याचा आहे.

आपल्या देवनागरीतही बोरूच्या कापामुळे जाड-बारीक रेघा आल्या. पण ‘घ’, ‘ध’, ‘ष’ यांची रेघ बेताबाहेर फुगवली की त्यांचे पोट बुजते, आणि जोडाक्षर तर ओळखू येत नाही. आपल्या भित्तिपत्रकांनाही हा धडा लागू आहे.

म्हणून मित्रांनो, मथळा खुशाल जाड करा. तारीख, वेळ आणि ठिकाण मात्र साध्या अक्षरांत द्या. यंदाची सूचना मी तशीच केली. ती मुलगी फलकापाशी थांबली, तारीख वहीत टिपली आणि वर्गाकडे गेली. अक्षरांकडे तिचे लक्षही गेले नाही. मला बरे वाटले.