स्वस्त फोनाचा कॅमेरा

दहा-बारा हजारांच्या फोनाच्या खोक्यावर ‘५० मेगापिक्सेल’ असे ठळक छापलेले पाहून पालक भुलतात. वस्तुतः असा कॅमेरा बहुधा चार बिंदूंचा एक करून १२.५ मेगापिक्सेलांचेच चित्र देतो. ही लबाडी नव्हे. मंद प्रकाशात तिचा उपयोगच होतो. सोबतच्या २ मेगापिक्सेलांच्या भिंगाचे मात्र आम्हांस काडीचेही कौतुक नाही! खराडीस मुळामुठेच्या काठी, सकाळच्या उन्हात, हा फोन महागड्या फोनाच्या बरोबरीस सहज बसतो. दिवेलागणीस मात्र खेळणाऱ्या मुलाचा चेहरा पुसट येतो. कारण इवल्या संवेदकास पुरेसा प्रकाश घेण्यास अधिक वेळ लागतो. दुप्पट किमतीच्या फोनासाठी घरी हट्ट धरणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनी आधी वडिलांसह सायंकाळी दुकानी जावे, दाराबाहेरील रहदारीचे एक चित्र घ्यावे, आणि मगच तोंड उघडावे.