गाठ सापडल्यानंतरचा खर्च

कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रियांची स्तनकर्करोगासाठी तपासणी म्हटली की आपल्याकडे चर्चा होते ती मॅमोग्राफीच्या यंत्रांची. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली निराळी वाट धरली. झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, केवळ हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीच्या आत मात्र लक्षणीय घट आढळली नाही, ही गोष्ट उत्साही मंडळी सोयीस्करपणे विसरतात.

केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत हीच पद्धत स्वीकारली आहे. पण ती पाच वर्षांतून एकदा! दोनाची पाच वर्षे कशी झाली, हे कोषागारासच ठाऊक.

आणि गाठ लागल्यावर? बायोप्सीसाठी जिल्ह्याच्या गावी हेलपाटे घालावयाचे, प्रत्येक हेलपाट्यास एका दिवसाची मजुरी बुडवावयाची. हा खर्च अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो ती बाई सोसते. यंत्रखरेदीच्या घोषणांपूर्वी शासनाने या प्रवासखर्चाची व बुडालेल्या मजुरीची तरतूद करावी.