सुट्टीचा पगार आणि कादंबरी

‘प्राध्यापक व्हायचं, दिवसाला तीन-चार लेक्चर्स घ्यायची आणि उरलेल्या वेळात निवांत लिहायचं.’ लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून हा प्लॅन तुम्ही ऐकला असेल. कदाचित तो तुमचाच असेल.

प्लॅन अगदीच हवेतला नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. १९५९ मध्ये ‘निळासावळा’ आला आणि १९६६ च्या ‘रक्तचंदन’पर्यंत चार कथासंग्रह झाले, तेही नोकरी सांभाळून. भालचंद्र नेमाड्यांनी तर प्राध्यापकांची दुनियाच कादंबरीत आणली. त्यांचा चांगदेव पाटील कॉलेजं बदलत फिरणारा इंग्रजीचा मास्तर आहे. रंगनाथ पठारे संगमनेरला फिजिक्स शिकवायचे आणि कादंबऱ्या लिहायचे. (फिजिक्स! आपली जर्नल्स वेळेत पूर्ण होत नाहीत.)

पण शिकवणं लिहिण्याला पूरक असतं, हे अर्धंच खरं. वर्गात प्रत्येक गोष्ट फोडून सांगावी लागते, शेवटच्या बाकापर्यंत पोचवावी लागते. कथेत नेमकं तेच टाळायचं असतं. दिवसभर समजावून सांगणारा माणूस संध्याकाळी लगेच स्वतःशी गप्प बसू शकत नाही. त्यात पेपर तपासणी, अहवाल, मीटिंगा. म्हणून लिहिणाऱ्या शिक्षकाची खरी कमाई म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. सलग, एकट्याची आणि पगारी.

यातला ‘पगारी’ हा शब्द आता गळालाय. नेट-सेट होऊन बाहेर पडलेल्या अनेकांना तासिका तत्त्वावरच काम मिळतं. जितके तास, तितके पैसे. सुट्टीत तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत. मग ज्या मे महिन्यात कादंबरी पुढे सरकायची, त्यात हे सर आणि मॅडम कोचिंग क्लासमध्ये उभे असतात. टर्म चालू असतानाही एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावपळ असतेच. पहाटे उठून लिहा, असा सल्ला देणं सोपं आहे. भाडं थकलेल्या माणसाला पहाटे कथा सुचत नाही, हिशोब सुचतो.

प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरा, या मागणीकडे आपण फक्त शिक्षणाचा प्रश्न म्हणून बघतो. पुढच्या वीस वर्षांत मराठीत कोण लिहिणार, हेही त्यावर ठरणार आहे. जागा भरल्याच पाहिजेत. आणि तोवर तासिकेवरच्या शिक्षकांना निदान बारा महिन्यांचं मानधन द्यायला काय हरकत आहे? ही मागणी त्यांनी एकट्यांनी का करायची? वर्गात तर आपणही बसतो.