पुन्हा एक बारसे

आपल्या आरोग्यव्यवस्थेला डिजिटल होण्याची घाई झाली की ती आधी बारसे उरकून घेते. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून जाहीर झालेले राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियान सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन झाले. त्यातला ‘हेल्थ आयडी’ पुढे ‘आभा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. आकडा तोच, चौदा अंकी. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘ई-हॉस्पिटल’ला ‘नेक्स्टजेन’ ही पदवी लागली. तेव्हा एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने आपल्या संगणक कक्षाचे ‘डिजिटल आरोग्य सेवा केंद्र’ केले, तर त्याला तरी का हसावे?

नावापलीकडच्या पुनर्रचनेची खरी गरज कुठे असते, हे दिल्लीच्या ‘एम्स’ने दाखवून दिले आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथले सर्व्हर खंडणीखोरांच्या ताब्यात गेले. देशातली ही सर्वांत नामांकित वैद्यकीय संस्था पुढचे अनेक दिवस केसपेपरपासून तपासणीच्या रिपोर्टपर्यंत सारे हाताने लिहीत होती. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे सरकारने संसदेत सांगितले. कारणही सांगितले: नेटवर्कचे नीट विभाजन केलेले नव्हते. हाडांचा विभाग वेगळा, मेंदूचा वेगळा, दोघांचे प्रमुख वेगळे आणि त्यांचे रुसवेही वेगळे, अशा संस्थेत विभाग पाडायचे राहिले होते ते फक्त नेटवर्कचे! दोन सिस्टिम अ‍ॅनालिस्ट मात्र तातडीने निलंबित झाले.

महाराष्ट्रात त्याच वर्षी हल्लेखोरांचीही गरज पडली नव्हती. सरकार आणि कंत्राटदार कंपनी यांच्या वादात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली, रुग्णांच्या नोंदी ठेवणारी एचएमआयएस प्रणाली जुलैमध्ये बंद पडली. मुंबईच्या जे. जे.सह ठिकठिकाणी वह्या आणि कार्बन पेपर बाहेर निघाले. रिपोर्ट आणायला पुन्हा निवासी डॉक्टर, इंटर्न आणि नातेवाईक धावू लागले. रुग्णाचा जुना इतिहास पडद्यावर दिसेना. तो होता नातेवाइकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर घडी घालून ठेवलेला. त्या पिशवीला पासवर्ड लागत नाही आणि तिचे कंत्राटही संपत नाही.

हजेरीचे तंत्रज्ञान तेवढे नेटाने पुढे जाते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अध्यापकांसाठी आधी आधारशी जोडलेली बोटांची हजेरी आणली. १ मे २०२५ पासून मोबाइलवर चेहरा दाखवायचा, तोही महाविद्यालयाच्या आवारात उभे राहूनच. प्राध्यापक जागेवर आहेत की नाहीत, हे दिल्लीला कळते. त्याच प्राध्यापकांनी मागच्या महिन्यात सांगितलेला एक्स-रे वॉर्डातल्या संगणकावर उघडेल की नाही, हे वॉर्डाच्या सिस्टरलाही सांगता येत नाही.

तरीही नव्या नावाला विरोध नाही. बोधचिन्ह करावे, फीत कापावी, वाटल्यास ब्रीदवाक्य संस्कृतात घ्यावे. फक्त पाटी रंगवताना खाली एक ओळ मोकळी ठेवावी. रात्री दोन वाजता अपघात विभागातली प्रणाली अडकली तर फोन कोण उचलणार, त्याचे नाव आणि पदनाम तिथे लिहावे. पद मंजूर असेल, तर.