लेखन शिबिरं, व्हिडिओ गेम्स आणि खिडकीपलीकडची खुर्ची

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात काय चाललं होतं, असं भेटेल तो विचारतो, म्हणून आधी ते सांगून टाकतो. या हिवाळ्यात मी तीन गोष्टी केल्या. नोव्हेंबरभर रोज कादंबरी लिहिली. डिसेंबर-जानेवारीत तालुक्याच्या एका कॉलेजात कथालेखनाचं शिबिर घेतलं. आणि रात्री जेवणं उरकल्यावर, अठ्ठेचाळिशी ओलांडलेली असताना, भाच्याने लॅपटॉपवर टाकून दिलेले व्हिडिओ गेम्स खेळलो. पहिल्या दोन गोष्टी ऐकून लोक 'माशाल्लाह' म्हणतात. तिसरी ऐकली की माझ्या बायकोकडे कीव आल्यासारखं बघतात. पण कथा कशी लिहावी याबद्दल या हिवाळ्यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या तिसऱ्या गोष्टीने. ते कसं, हे सांगायला हा लेख.

नोव्हेंबरपासून सुरुवात करतो. अमेरिकेत १९९९ साली ख्रिस बेटी नावाच्या तरुणाने वीसेक मित्र जमवले आणि एका महिन्यात प्रत्येकाने एक कादंबरी लिहायची असं ठरवलं. पुढच्या वर्षीपासून त्यासाठी नोव्हेंबर महिना पक्का झाला. ३० दिवस, ५०,००० शब्द. म्हणजे रोजचे साधारण १,६६७. बघता बघता जगभरातले लाखो हौशी लोक त्यात उतरले. तो उपक्रम चालवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. पण महिना कुणाच्या मालकीचा नसतो. आम्ही सहा जण, सोलापूर, लातूर, मिरज, औरंगाबाद अशा चार गावांतले, व्हॉट्सअॅपवर गट करून बसलो. रोज रात्री दहाला आकडा टाकायचा, बस. कुणी कुणाचं वाचायचं नाही, कुणी कुणाला सुधारायचं नाही.

एक गोष्ट लगेच लक्षात आली. हा ५०,००० चा आकडा इंग्रजीच्या मापाचा आहे. इंग्रजीत ज्याला चार-पाच शब्द लागतात, ते आपण 'घरातल्यांनासुद्धा' अशा एका शब्दात उरकतो. त्यामुळे मराठीतले ५०,००० शब्द म्हणजे चांगलीच जाडजूड कादंबरी. माझी ३१ हजारांवर थांबली आहे आणि उरलेली सावकाश होईल. पण सहापैकी दोघींनी आकडा पार केला. एक शिक्षिका आहे. दुसरी दिवसभर शिलाई मशीनवर बसते आणि मोबाईलवर बोटाने टाईप करते. एरवी 'मला कुठं लिहिता येतंय' म्हणणाऱ्या या दोघींना लिहितं केलं ते एका खेळाने. नियम साधा, रोजचा डाव छोटा, आणि हरलं तरी उद्या पुन्हा डाव मांडता येतो.

आता शिबिराचं. बावीस मुलं-मुली होत्या, त्यात नऊ मुस्लिम. पहिल्या दिवशी 'तुमच्या ओळखीच्या घरातली गोष्ट' लिहायला सांगितली. संध्याकाळी वही-वही वाचताना एक गोष्ट खटकत गेली. बाकीच्या मुलांनी लिहिलं होतं ते पाटाच्या पाण्यावरून झालेलं भांडण, आजीचा हरवलेला चष्मा, बहिणीच्या लग्नातला रुसवा. आमच्या नऊपैकी सात जणांच्या गोष्टीत मात्र मुस्लिम माणूस दोनच कामं करत होता. एक तर त्याच्यावर अन्याय होत होता, नाहीतर तो आपला चांगुलपणा सिद्ध करत होता. पुरात शेजाऱ्याला वाचवणारा चाचा, रक्त देणारा भाई, घर भाड्याने न मिळालेला तरुण. त्यातलं काही खोटं नाही. असं घडतं, रोज घडतं. पण या गोष्टींतल्या चाचाला दातदुखी नव्हती, त्याचं बायकोशी भांडण नव्हतं, त्याला पत्त्यांचा नाद नव्हता. वाचणाऱ्याने डोळ्यांत पाणी आणावं एवढ्यासाठीच त्याला जन्माला घातलं होतं.

मुलांना हे शिकवलं कुणी? आपणच. त्याच संध्याकाळी एका मुलाने गोष्ट वाचून दाखवली आणि प्रमुख पाहुणे उठून म्हणाले, "वा, तुमचं मराठी किती छान आहे!" त्या मुलाचे आजोबा याच गावच्या आठवडी बाजारात मराठीत भाव करत म्हातारे झाले. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. बार्शीच्या अमर शेखांच्या पहाडी आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवल्या. तरी अजून आमच्या मराठीचं कौतुक होतं, परक्याच्या मुलाने आपली भाषा बोलावी तसं. ज्याला कायम स्वतःची ओळख पटवून द्यावी लागते, तो कथाही ओळखपत्रासारखीच लिहिणार. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं ते याच कोंडीतून. आम्ही इथलेच आहोत, हे तेव्हा ठणकावून सांगावं लागलं. पस्तीस वर्षांनंतरही आपल्या मुलांनी तेच सांगत बसावं, आणि दुसरं काही सांगूच नये, हे मला पटत नाही.

त्याच आठवड्यात भाचा पुण्याहून आला. कॉम्प्युटर शिकतो. मला म्हणाला, "मामू, तुम्ही इतकं वाचता, एकदा खेळून तर बघा." त्याने आधी दाखवला तो गोळ्या झाडायचा एक प्रसिद्ध खेळ, 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या मालिकेतला, २००९ चा. त्यातलं एक रणांगण म्हणजे कराची शहर. भाच्याने दुकानांच्या पाट्यांकडे बोट दाखवलं. त्या उर्दूत नव्हत्या, अरबीत होत्या! कोट्यवधी रुपये ओतून खेळ बनवणाऱ्यांना कराचीत कोणती भाषा वाचतात हे बघावंसं वाटलं नाही. कारण त्या शहरात कुणी राहतं, हेच त्यांच्या लेखी महत्त्वाचं नव्हतं. ते शहर होतं आडोसा घ्यायला आणि गोळी झाडायला. अशा खेळांत आपण दिसतो खूप, पण दिसतो ते पडलेल्या भिंतींच्या गल्लीत, हातात बंदूक घेऊन, नाव नसलेले. इथे आपण सैतान आणि मुलांच्या वहीत आपण फरिश्ते. माणूस दोन्हीकडे नाही.

मग त्याने दुसरा खेळ लावून दिला. 'पेपर्स, प्लीज'. लुकास पोप या माणसाने जवळजवळ एकट्याने बनवलेला, २०१३ चा. यात तुम्ही आर्स्टोत्स्का नावाच्या कल्पित देशाच्या सीमेवरचे तपासनीस असता. साल १९८२. खिडकीसमोर रांग. एकेक जण कागद सरकवतो. तुम्ही पासपोर्टवरची तारीख, फोटो, शिक्का, गावाचं नाव ताडून बघायचं आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. जितकी माणसं बरोबर तपासाल तितका पगार. दिवसात दोन चुका माफ, तिसरीपासून दंड. संध्याकाळी घरचा हिशोब येतो. घरभाडं, जेवण, शेगडीचा खर्च. घरात बायको, मुलगा, सासू, मामा. पैसे कमी पडले की कुणीतरी आजारी पडतं.

एके दिवशी एक नवरा येतो, त्याचे कागद चोख. जाताना म्हणतो, माझ्यामागे बायको आहे, तिच्याशी जरा नीट वागा. मागून ती येते आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. परत पाठवलं तर जिवाला धोका आहे, असं ती सांगते. आता तुम्ही काय कराल?

मी खुर्चीत अवघडलो. २०१९-२० मधले ते दिवस आठवा. मोहल्ल्या-मोहल्ल्यात लोक जुन्या पेट्या उघडून शाळेचे दाखले, जमिनीचे उतारे, अब्बांच्या नावाच्या तीन तीन तऱ्हेच्या स्पेलिंगा जुळवत बसले होते. त्या खिडकीच्या अलीकडे उभं राहणं मला पाठ आहे. या खेळाने मला पहिल्यांदा पलीकडे बसवलं. आणि तिथे बसल्यावर कळलं की पलीकडचा माणूस दरवेळी दुष्ट असावा लागत नाही. त्याच्या हातात नियमांची चोपडी असते, डोक्यावर घड्याळ असतं आणि घरी आजारी मुलगा असतो. अन्याय व्हायला तेवढं पुरतं. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत मी माणसांचे चेहरे बघणं सोडून फक्त तारखा बघू लागलो होतो. 'व्यवस्था माणसाला निबर करते' हे वाक्य मी शंभर भाषणांत ऐकलंय. खेळाने ते वाक्य म्हटलंच नाही, मला निबर करून दाखवलं.

जानेवारीत शिबिराची दुसरी बैठक झाली तेव्हा हा खेळ मी प्रोजेक्टरवर लावला. अर्धा तास सगळ्यांनी मिळून खेळला, वाद घातले, एकमेकांवर ओरडले. मग सांगितलं, आता तुमच्या गावातली एक खिडकी निवडा आणि पलीकडच्या माणसाची गोष्ट लिहा. तो वाईट आहे असं लिहायचं नाही. चांगला आहे असंही नाही.

एका मुलीने रेशन दुकानदाराची गोष्ट लिहिली. एक म्हातारी रांगेत येते. आयुष्यभर विड्या वळून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, त्यामुळे मशीनवर अंगठा उमटत नाही. ओटीपी जातो मुलाच्या फोनवर, मुलगा पुण्यात कामाला, फोन उचलत नाही. मागे वीस माणसं, मशीनची रेंज मधूनच जाते, गावात आधीच 'याचं माप मारतो' अशी कुजबुज. दुकानदार तिला तीनदा अंगठा पुसायला लावतो, चौथ्यांदा 'उद्या या' म्हणतो, आणि दुपारी जेवायला बसल्यावर त्याला भाकरी गोड लागत नाही म्हणून बायकोवरच खेकसतो. म्हातारीचं नाव शबानाबी होतं आणि दुकानदाराचंही आडनाव शेख होतं. डिसेंबरमधल्या वहीत या मुलीने रक्त देणारा भाई लिहिला होता. हे लिहिणारी तीच होती.

भाच्याने जाण्याआधी आणखी एक खेळ दिला, 'वेन्बा', २०२३ चा, टोरांटोतल्या विसाई गेम्स या छोट्या कंपनीचा. १९८८ मध्ये कॅनडात गेलेलं तमिळ जोडपं आणि त्यांचा मुलगा. खेळायचं काय, तर स्वयंपाक. आईने दिलेल्या पाककृतींच्या वहीची पानं फाटलीत, शाई पसरलीय, आणि आपण अंदाजाने इडली, बिर्याणी जमवायची. मुलगा मोठा होतो तसा तमिळपासून दूर जातो. दोन तासांत संपणारा खेळ आहे. त्यात कुणी कुणाला मारत नाही, कुणी आपली देशभक्ती सिद्ध करत नाही. खेळताना मला अम्मीची खिचडा करायची पद्धत आठवली, जी कुणीच लिहून ठेवली नाही. घरात दखनी, शाळेत मराठी, मदरशात उर्दू-अरबी आणि आता पोरांच्या तोंडात इंग्रजी, अशा आपल्या घरांत असे किती खेळ, किती कादंबऱ्या पडून आहेत! फक्त त्या लिहिण्यासारख्या आहेत, हे कुणी मुलांना सांगितलेलं नाही.

आमच्या एका बुजुर्गांनी हे ऐकून मला सुनावलं, "खेळात वेळ घालवणं बरं नव्हे. पोरं बिघडतायत, पैसे हरतायत." त्यांची काळजी खरी आहे. पैसे लावून खेळायच्या ॲप्सनी किती घरं बसवली ते आपण पाहिलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांच्यावर बंदीचा कायदा केला, तो उशिराच झाला. फुकट म्हणून देऊन मग पोरांकडून हत्यारं नि कपडे विकत घ्यायला लावणारे खेळही काही बरे नाहीत. पण जुगार आणि गोष्ट यांना एका मापाने तोलू नका. एकेकाळी कादंबऱ्या वाचणाऱ्या पोरी बिघडतात असंही म्हटलं जायचं, आणि ते म्हणणारे आपल्या घरातही होते. नमाज चुकते का, अभ्यास बुडतो का, झोप जाते का, हे जरूर बघा. त्याबरोबर पोरगा काय खेळतोय, तेही कधी शेजारी बसून बघा.

संमेलनं भरवणाऱ्या मित्रांना माझं म्हणणं एवढंच आहे. परिसंवादात 'मुस्लिम समाजापुढील आव्हाने' हा विषय दरवर्षी असतोच, तो असू द्या. पण एक सत्र असं ठेवा जिथे मुलं आव्हानांवर न बोलता गोष्ट रचतील, कागदावर किंवा पडद्यावर. 'राजी' हा पुराणकथांवरचा खेळ २०२० मध्ये पुण्यातल्याच एका छोट्या चमूने बनवून जगापुढे नेला. म्हणजे हे काम इथे होऊ शकतं. त्याला चित्र काढणारा लागतो, कोड लिहिणारा लागतो आणि गोष्ट सांगणाराही लागतो. त्या तिसऱ्या खुर्चीवर आपल्या तालुक्यातली एखादी मुलगी बसायला काय हरकत आहे?

शिबिराची पुढची बैठक रमजान ईदनंतर ठरली आहे. या वेळी विषय दिलाय 'आमच्या घरातलं भांडण'. अट एकच, भांडणात दोन्ही बाजू बरोबर असल्या पाहिजेत. कादंबरीचे १९ हजार शब्द बाकी आहेत, तेही याच काळात होतील, इन्शाअल्लाह.