विश्लेषण : मूल वाचताना अडखळते, दोष डोळ्यांचा की वाचनाचा?

फळ्यावरचे स्पष्ट दिसते, चष्म्याचा नंबर निघत नाही, तरीही धडा वाचताना मूल ओळ गाळते, डोके दुखते म्हणते आणि पुस्तक मिटून ठेवते. अशा मुलांना ‘व्हिजन थेरपी’, म्हणजे डोळ्यांच्या समन्वयासाठीचे व्यायाम, सुचवले जातात. त्यांचा उपयोग नेमका कोणाला होतो? अहिल्यानगरसारख्या विस्तीर्ण जिल्ह्यातील पालकांनी खर्च करण्याआधी काय तपासावे?

डोळ्यांचा समन्वय म्हणजे काय?

जवळचे वाचताना दोन्ही डोळे नाकाच्या बाजूला किंचित आत वळतात. त्याच वेळी डोळ्यांतील भिंग जवळच्या अंतराशी जुळवून घेते. मग मेंदू दोन प्रतिमांचे एकच चित्र करतो. डोळे पुरेसे आत वळत नसतील किंवा वळलेले टिकत नसतील, तर त्या दोषाला ‘कन्व्हर्जन्स इनसफिशिअन्सी’ म्हणतात. यात अक्षरे धूसर किंवा दुहेरी दिसतात, थोड्या वाचनानंतर कपाळ दुखते, एक डोळा झाकून वाचावेसे वाटते. हा दिसणारा तिरळेपणा नव्हे आणि ‘आळशी डोळा’ही नव्हे. त्या दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

शाळेतील तपासणीत तो का सापडत नाही?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला आणि त्याचा प्रारंभ महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. त्याअंतर्गत फिरती पथके अंगणवाड्यांतील मुले वर्षातून दोनदा आणि शाळांतील मुले एकदा तपासतात. दृष्टिदोष आणि अध्ययनाच्या अडचणी या दोन्हींचा समावेश त्यात आहे. पण शाळेतील नेत्रतपासणीत भर असतो तो दूरचा तक्ता वाचून घेण्यावर. समन्वयाचा दोष असलेले मूल तो तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचू शकते. त्याचा त्रास सुरू होतो तो हातातल्या पुस्तकावर.

किती मुलांना हा त्रास असतो?

चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या संशोधकांनी तमिळनाडूतील शाळकरी मुलांची पाहणी केली. तीत शहरी आणि ग्रामीण अशा दोन्ही भागांत सुमारे 30 टक्के मुलांमध्ये दोन्ही डोळ्यांच्या समन्वयाचा कोणता ना कोणता दोष आढळला. त्यात ‘कन्व्हर्जन्स इनसफिशिअन्सी’चे प्रमाण सर्वाधिक होते. अर्थात दोष आढळलेल्या प्रत्येक मुलाला उपचार लागतातच असे नाही. त्रास होतो का, हे आधी पाहावे लागते.

थेरपीचा उपयोग होतो का?

या दोषासाठी होतो. अमेरिकेत 9 ते 17 वयोगटातील 221 मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. दवाखान्यात दर आठवड्याला तासभर व्यायाम आणि त्याला घरच्या सरावाची जोड, असे 12 आठवडे उपचार घेतलेल्या मुलांपैकी 73 टक्के बरी झाली किंवा सुधारली. घरी फक्त पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण 43 टक्के होते. लक्षात ठेवण्याजोगी बाब म्हणजे नुसते दिखाऊ व्यायाम करून घेतलेल्या मुलांपैकीही 35 टक्क्यांना बरे वाटले. त्यामुळे ‘आमच्या मुलाला फरक पडला’ एवढा अनुभव पुरावा ठरत नाही.

मग वाचनही सुधारते का?

येथेच दावे आणि पुरावे वेगळे होतात. त्याच संशोधकांनी पुढे तीनशेहून अधिक मुलांना 16 आठवडे थेरपी देऊन वाचनाचे आकलन मोजले. 2019 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार डोळे आत वळण्याची क्षमता सुधारली, पण वाचन-आकलनातील प्रगती खरी थेरपी आणि दिखाऊ थेरपी घेतलेल्या गटांत जवळपास सारखीच राहिली.

डिस्लेक्सिया हा मुळात भाषेतील ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्यातला दोष आहे. मराठीत ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते, पण उच्चार नंतर होतो. मात्रा वर, उकार खाली आणि जोडाक्षरे वेगळीच. ही सांगड बसवायला शिकवण्याचीच गरज असते, डोळ्यांच्या व्यायामाने ती बसत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनीही 2009 च्या संयुक्त निवेदनात डिस्लेक्सियावर व्हिजन थेरपीची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले.

जिल्ह्यातील पालकांपुढे अडचण काय?

क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठ्या या जिल्ह्यात 14 तालुके आहेत. अकोले किंवा जामखेडहून नगरला आठवड्याला एक फेरी, तीही तीन महिने, म्हणजे प्रत्येक वेळी एका पालकाचा रोजगार आणि मुलाची शाळा बुडते. हा भार योग्य निदानासाठी उचलला तर सार्थकी लागतो. चुकीच्या निदानावर उचलला तर पैशांपेक्षा मोठे नुकसान होते ते वेळेचे. तिसरी-चौथीत मिळायला हवी असलेली वाचनाची मदत सहावी-सातवीपर्यंत लांबते आणि तोवर ‘अभ्यासात ढ’ असा शिक्का बसलेला असतो.

पालकांनी काय करावे?

पहिली पायरी नेत्रतज्ज्ञ किंवा ऑप्टोमेट्रिस्टकडून संपूर्ण तपासणी. ‘नंबर आहे का’ एवढेच न विचारता ‘जवळचे वाचताना दोन्ही डोळे एकत्र काम करतात का, हे तपासले का’ असे विचारावे. नंबर असेल तर आधी चष्मा. समन्वयाचा दोष निघाला तर किती आठवडे उपचार, कोणत्या मोजमापाने सुधारणा ठरवणार आणि थांबणार केव्हा, हे सुरुवातीलाच विचारून घ्यावे.

डोळे ठीक असूनही वाचन मागे असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये तिचा समावेश आहे. केंद्राच्या निकषांनुसार आठ वर्षांपुढील मुलांना तिचे प्रमाणपत्र मिळू शकते आणि त्या प्रक्रियेत दृष्टी व श्रवण तपासणेही अपेक्षित आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. महाराष्ट्राने अशा सवलती 1996 पासूनच द्यायला सुरुवात केली.

शिक्षकांकडे यासाठी यंत्र नसले तरी निरीक्षण असते. तोंडी उत्तरे चोख देणारे मूल पुस्तक उघडताच गप्प होत असेल, तर त्याला दटावण्याआधी त्याच्या पालकांना बोलावणे, हीच त्या मुलाची पहिली तपासणी ठरू शकते.